पावणेतीन फूट

भूकंपात पास, मोजणीत नापास. माझ्या मुलीनं माझा निकाल असा एका दमात फोनवर आजीला सांगितला आणि पलीकडून बराच वेळ काही आवाजच आला नाही. आजीला वाटलं, आमच्या घराचं काहीतरी झालं.

तर खुलासा. कॅलिफोर्नियात सिव्हिल इंजिनिअर म्हणून स्वतःच्या नावानं नकाशावर सही-शिक्का करायचा असेल तर परीक्षांची रांग लागते. आधी एफई, म्हणजे पायाभूत विषयांची, मग पीई, म्हणजे प्रत्यक्ष व्यवसायाची. या दोन्ही अमेरिकाभर सारख्याच, एनसीईईएस नावाची संस्था घेते. पण कॅलिफोर्नियाचं तेवढ्यानं भागत नाही. त्यांना आणखी दोन पेपर हवेत, एक भूकंपाच्या तत्त्वांचा आणि एक इंजिनिअरिंग सर्व्हेइंगचा, म्हणजे मोजणीचा. प्रत्येकी ५५ प्रश्न, अडीच तास, म्हणजे एका प्रश्नाला पुरती पावणेतीन मिनिटंही नाहीत. शिवाय घरी बसून सोडवायची कायद्याची एक प्रश्नपत्रिका, ती गोड शेवटासारखी.

मी २००३ ची बी.ई. सिव्हिल. थोडी नोकरी, लग्न, आणि २००९ मध्ये नवऱ्यामागून इकडे. एच-फोर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर नोकरी करायला बंदी होती. सहा वर्षं मी घरात राहून दुसऱ्यांच्या इमारती पाहिल्या. मे २०१५ मध्ये नियम बदलला, ग्रीनकार्डाच्या रांगेत पुरेसं पुढे असलेल्यांच्या जोडीदारांना परवानगी मिळू लागली, आणि एका छोट्या कन्सल्टिंग ऑफिसात मी ड्राफ्टर म्हणून लागले. पावसाच्या पाण्याचे पाईप, इनलेट, मॅनहोल, रस्त्याकडेची गटारं. दोन-तीन वर्षांत गणितंही माझ्याकडे आली. मग असं झालं की पाणी किती येणार ते मी काढायचं, पाईप मी ठरवायचा, नकाशा मी काढायचा आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात शिक्का बॉसचा.

यात अन्याय काही नव्हता. ज्याची जबाबदारी त्याची सही, आणि तो खरंच प्रत्येक पान तपासायचा. पण एकदा एका शहराच्या तपासनिसाचा फोन आला. एका पाईपच्या व्यासाबद्दल शंका होती. मी उत्तर द्यायला लागले तर तो अगदी नम्रपणे म्हणाला, "इंजिनिअरशी बोलता येईल का?" बॉस बाहेर गेला होता. मी निरोप लिहून घेतला. त्या रात्री मी एफईचा फॉर्म भरला.

एफईबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ११० प्रश्न, ५ तास २० मिनिटं, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून: डिफरन्शियल इक्वेशन, व्हेक्टर, संभाव्यता. एम-थ्रीचं, म्हणजे कॉलेजातल्या तिसऱ्या गणिताच्या पेपराचं, भूत सोळा वर्षांनी परत मानगुटीवर बसलं. २०१९ मध्ये ती झाली. नंतर करोना आला, मुलीची शाळा जेवणाच्या टेबलावर आली आणि माझा अभ्यास तिथून उठला.

अनुभवाचा हिशोब मात्र चालू राहिला. इथे एकूण सहा वर्षं लागतात. इथल्या मान्यताप्राप्त पदवीची त्यातली चार वर्षं धरतात. माझी पदवी त्या यादीत नसल्यानं दोनच धरली. उरलेला अनुभव लायसन्सधारक इंजिनिअरच्या हाताखालचा हवा, आणि चार संदर्भ हवेत. चार माणसं अशी, ज्यांनी तुमचं काम पाहिलं आहे आणि तसं लिहून द्यायला जी तयार आहेत. छोट्या ऑफिसात चार इंजिनिअर जमवणं हे कुठल्याही पेपरापेक्षा अवघड. त्यातले एक तर निवृत्त होऊन मासे पकडायला गेले होते, त्यांना तळ्याकाठी फोन लागला.

पीईसाठी मी पाण्याची शाखा घेतली. सिव्हिलच्या पीईत पाच शाखा आहेत: कन्स्ट्रक्शन, जिओटेक, स्ट्रक्चर, ट्रान्स्पोर्टेशन आणि पाणी-पर्यावरण. मी २०२३ च्या ऑक्टोबरात बसले तेव्हा निम्मे प्रश्न सगळ्या सिव्हिलवर आणि निम्मे शाखेवर असायचे. एप्रिल २०२४ पासून ती वाटणी गेली, आता पूर्ण पेपर शाखेचाच. माझ्या आधीच्या पिढीचे इंजिनिअर तर दूध वाहायच्या क्रेटमध्ये पुस्तकं भरून, ट्रॉली ढकलत परीक्षेला जायचे. जानेवारी २०२२ पासून सिव्हिलचा पेपर संगणकावर आला आणि पुस्तकं नेणं बंद झालं. संदर्भाचं हँडबुक पडद्यावरच मिळतं, त्यातच शोधायचं.

हे शोधणं म्हणजे स्वतंत्र विद्या आहे. पहिल्या आठवड्यात मी सरावाचं गणित घेतलं आणि हँडबुकात 'चेनेज', म्हणजे रेषेवरचं अंतर, शोधलं. काही नाही. 'रिड्यूस्ड लेव्हल', म्हणजे ठरलेल्या पातळीपासूनची उंची, शोधलं. काही नाही. मला वाटलं, फाइलच खराब उतरली. मग ट्यूब पेटली. आपण ज्याला चेनेज म्हणतो त्याला हे स्टेशन म्हणतात, आपलं आर.एल. म्हणजे यांचं एलिव्हेशन, आणि आपला स्टाफ, ती मोजणीची उभी पट्टी, म्हणजे यांचा रॉड. मराठी मुलखात इंग्रजीतून शिकलेलं इंजिनिअरिंग आणि इथलं इंजिनिअरिंग यांची इंग्रजी वेगळी आहे. ऑफिसात आठ वर्षं मी हे शब्द वापरत होते. पण घाईत मेंदू कॉलेजातला शब्दच पुढे करतो. मी वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखले, इकडचा शब्द आणि तिकडचा शब्द. ते पान पुढे इतकं हाताळलं गेलं की सुटून आलं.

दुसरा त्रास एककांचा. पाईपातून पाणी किती वेगानं वाहील ते सांगणारं मॅनिंगचं सूत्र सगळ्यांना तोंडपाठ. मेट्रिकमध्ये त्याच्या सुरुवातीला १ असतो, म्हणजे काही लिहावंच लागत नाही. फुटांत तिथे १.४८६ येतो. कारण मजेशीर आहे. पाईपच्या खडबडीतपणाचा आकडा, तो एन, दोन्ही पद्धतींत तोच ठेवला आहे, काँक्रीटसाठी ०.०१३ तर इकडेही ०.०१३ आणि तिकडेही. मग मीटरचे फूट करण्याचा भार कुणी तरी घ्यायला हवा, तो त्या १.४८६ वर टाकला: ३.२८०८ चं घनमूळ. ऑफिसात सॉफ्टवेअर हे आपोआप करतं. सरावात मी दहातल्या चार वेळा १.४८६ विसरले. उत्तर खऱ्याच्या दोन-तृतीयांश यायचं, आणि दरवेळी ते चुकीचं उत्तर पर्यायांत शांतपणे वाट बघत बसलेलं असायचं. प्रश्न काढणाऱ्यांना आपण कुठे घसरणार ते नेमकं माहीत असतं.

उलट रॅशनल मेथडमध्ये, म्हणजे पावसाचं पाणी किती येणार ते काढायच्या पद्धतीत, मला संशयानं छळलं. पाणलोट १२ एकर, सी, म्हणजे पावसातला वाहून जाणारा वाटा, ०.६, पाऊस ताशी २ इंच: तिघांचा गुणाकार १४.४, आणि तेच उत्तर, घनफूट प्रति सेकंद. बस? मेट्रिकमध्ये हेक्टर आणि मिलिमीटर घेतले की ३६० नं भागायचं हे माझ्या हाडात मुरलेलं. इथे काहीच नाही? शेवटी कागदावर करून पाहिलं. एका एकरावर तासाला एक इंच पाऊस म्हणजे ४३,५६० भागिले १२, भागिले ३,६०० = १.००८ घनफूट प्रति सेकंद. म्हणजे ब्रिटिश एककांनी चुकून एकदा आपल्यावर मेहेरबानी केली आहे आणि ते ०.००८ सगळेच सोडून देतात. आठ वर्षं मी हे सूत्र वापरत होते आणि हा भागाकार कधी केला नव्हता. वही क्रमांक तीन, पान अकरा. अभ्यासातला माझा सगळ्यात आनंदाचा दिवस बहुधा तोच.

कॅल्क्युलेटरची यादी ठरलेली असते, तिच्याबाहेरचा चालत नाही. कॅसिओचा असेल तर नावात एफएक्स-११५ किंवा एफएक्स-९९१ हवंच. मी नवा मागवायच्या बेतात होते. मग जुन्या कागदपत्रांच्या डब्यात माझा कॉलेजातला ९९१-एमएस सापडला. झाकण गायब, मागे ब्लेडनं कोरलेला रोल नंबर. सेल घातले आणि चालू झाला. मुलीनं विचारलं, "आई, याला चार्जर कुठे लावतात?"

अभ्यासाची वेळ पहाटे पावणेपाच ते साडेसहा, जेवणाच्या टेबलावर. लोक तास मोजतात. मी वह्या मोजल्या, नऊ झाल्या. पहिल्या दोन जवळजवळ वाया गेल्या, कारण त्यांत मी सोडवलेली गणितं सुंदर अक्षरात उतरवून काढत होते. दुसऱ्यानं सोडवलेलं वाचताना सगळं समजतं. कागद झाकला की समजतं, आपल्याला काय येत नाही. तिसऱ्या वहीपासून नियम केला: उत्तर चुकलं तर का चुकलं ते लाल पेननं एका वाक्यात लिहायचं. 'एकक', 'घाई', 'प्रश्न नीट वाचला नाही', आणि चौथा प्रकार, 'हे मला मुळात माहीतच नाही'. पहिले तीन सरावानं कमी होतात. चौथ्याला मी फार उशिरा भिडले, ते पुढे येईलच.

परीक्षेचा दिवस. एकूण नऊ तासांची हजेरी, त्यात आठ तास पेपर, ८० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला सहा मिनिटं. मधे पन्नास मिनिटांची सुट्टी. आत जाताना तळहाताच्या शिरांचा स्कॅन, खिसे उलटे करून दाखवायचे, चष्मा काढून तपासायला द्यायचा. कच्च्या कामाला कागद नाही. पुसून वापरायची वही आणि मार्कर. अर्ध्या पडद्यावर प्रश्न, अर्ध्यावर हँडबुक. प्रश्न कोणते आले ते सांगता येणार नाही; सुरुवातीलाच तसा करार मान्य करावा लागतो आणि तो मी मानते. एवढंच सांगते की पहिल्या भागात मी सव्वाचार तास घालवले. तो भाग एकदा जमा केला की परत उघडत नाही, आणि वेळ दोन्ही भागांना मिळून एकच. म्हणजे दुसऱ्या चाळीस प्रश्नांना माझ्याकडे प्रत्येकी सहा मिनिटंही उरली नव्हती. सुट्टीत बाहेर गाडीत बसून मी पोळीची गुंडाळी खाल्ली आणि पंचविसाव्या मिनिटाला आत गेले, कारण बाहेर बसून नुसती भीती वाढत होती.

आठ दिवसांनी मेल आला. पास. गुण सांगत नाहीत, नुसतं पास. तासभर मला ते खटकलं. किती? काठावर की दणक्यात? आपल्याला टक्केवारीची इतकी सवय असते की टक्के नसलेलं यश कुणाला सांगावं तेच कळत नाही. वडिलांनी फोनवर विचारलंच, "पण किती पडले?"

राज्याचे दोन पेपर उरले. भूकंपाची मला भीती होती, कारण मी पाण्याची बाई. इमारतीचा आडवा भार शेवटचा कॉलेजात काढलेला. म्हणून तो अभ्यास मी नम्रपणे, पहिलीतल्या मुलासारखा केला. वजन किती, जमीन कुठली, चौकट किती वाकू शकते, एखादा मजला बाकीच्यांपेक्षा लुळा आहे का. वाचता वाचता १९३३ चा लाँग बीचचा भूकंप भेटला. १० मार्चला संध्याकाळी सहाच्या जरा आधी जमीन हलली आणि विटांच्या कितीतरी शाळा कोसळल्या. मुलं घरी गेलेली होती. काही तास आधी झालं असतं तर, या विचारानंच राज्य इतकं हादरलं की महिन्याभरात शाळांच्या बांधकामाचा स्वतंत्र कायदा झाला, फील्ड ॲक्ट. माझी मुलगी ज्या शाळेत जाते तिच्या नकाशांवरही तोच कायदा लागू आहे हे कळल्यावर तो अभ्यास परीक्षेपुरता राहिला नाही. पेपर सुटला.

आणि सर्व्हेइंग? सर्व्हेइंग काय, ते तर येतंच. कॉलेजच्या सर्व्हे कॅम्पमध्ये आमच्या गटाचा ट्रॅव्हर्स, म्हणजे फिरून मूळ जागी येणारी मोजणी, सगळ्यात चांगला जुळला होता. डंपी लेव्हल, ती उंची मोजायची दुर्बीण, मी झोपेत लावू शकत होते. वर्तुळाकार वळणं, उभी वळणं, मातीकामाचे घनफळ ऑफिसात रोज दिसतात. तीन आठवडे वरवर चाळलं आणि गेले. आत शिरताना तिथल्या बाईंनी गळ्याकडे बोट दाखवलं. लग्नाची अंगठी चालते, बाकी दागिने नाहीत. मी सांगितलं, हे आमच्याकडे अंगठीच्याच जागी असतं. ती हसली, म्हणाली की तिला पटतंय, पण नियमात फक्त अंगठी लिहिली आहे. मंगळसूत्र लॉकरमध्ये ठेवलं. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

मंगळसूत्राचा दोष नाही. बाहेर येतानाच कळलं होतं. गणितं सुटत होती, पण हळू. आणि जिथे गणित नव्हतं, नुसतं समजेची विचारणा होती, तिथे मी अंदाज ठोकत होते. चौथ्या प्रकारची चूक. निकाल आला, नापास. त्या दिवशी मी ऑफिसात कुणाशी बोलले नाही. पीई निघाली, भूकंप निघाला, आणि ज्या विषयाला आपण कॉलेजात 'स्कोअरिंग' म्हणायचो त्यात बाई गचकली.

बॉसला सांगावंच लागलं. तो हसला नाही. त्यानं ड्रॉवरमधून एक जुना चेक-प्रिंट, म्हणजे तपासणीची नकाशाची प्रत, काढला, माझाच, सहा वर्षांपूर्वीचा. लाल पेन्सिलीचं एक वर्तुळ होतं आणि शेजारी त्याचं अक्षर: 'कुठला डेटम?'

मला लगेच आठवलं. नव्या पाईपलाइनला शहराच्या जुन्या मॅनहोलमध्ये जोडायचं होतं. त्या मॅनहोलचा इन्व्हर्ट, म्हणजे पाईपच्या तळाची उंची, मी शहराच्या जुन्या नकाशावरून जशीच्या तशी घेतली होती. जुना नकाशा १९२९ च्या डेटमवर, आमचा सर्व्हे १९८८ च्या. उंची म्हणजे नेमकी कशापासून, याची ही दोन वेगळी उत्तरं. आमच्या भागात दोघांत सुमारे २.७ फुटांचा फरक पडतो. तोच दगड, तीच जागा, नव्या डेटमनं आकडा पावणेतीन फूट मोठा. माझा पाईप ०.५ टक्के उताराचा होता. २.७ ला ०.००५ नं भागा. पाचशे चाळीस फूट पाईपचा सगळा उतार त्या एका न विचारलेल्या प्रश्नात गडप होतो. माझ्या नकाशावर पाणी ऐटीत वाहत होतं, पण ज्या मॅनहोलकडे ते वाहत होतं त्याचा तळ प्रत्यक्षात माझ्या पाईपपेक्षा वर होता.

तेव्हा मी काय केलं होतं? आकड्यात २.७ मिळवले, पुन्हा प्रिंट काढली आणि विषय संपवला. डेटम म्हणजे काय, तो बदलला का, दुसऱ्या नकाशांवर कुठला आहे, काही विचारलं नाही. सर्व्हेअरकडून फाइल यायची आणि मी तिच्यावर रेषा मारायची. ती फाइल माझ्यासाठी वेदवाक्य होती. परीक्षेनं नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं.

बॉस म्हणाला, पुस्तक पुरे, बाहेर जा. आमचं मोजणीचं काम जी मंडळी करतात त्यांच्या प्रमुखाला त्यानं विचारलं आणि सुट्ट्या टाकून मी चार दिवस त्यांच्याबरोबर फिरले. प्रमुख साठीचा, कमी बोलणारा. पहिल्या दिवशी त्यानं मला रॉड धरायला दिला. नुसता धरायचा, सरळ, बुडबुडा मधे ठेवून. दोन तासांनी हात भरून आले तेव्हा त्यानं मला रॉड वाचायला लावला. मी वाचलं: पाच फूट पाच इंच. त्यानं मान हलवली. इथल्या मोजणीच्या रॉडवर इंच नसतातच. फुटाचे दहा भाग, दहाचे शंभर. ५.५० म्हणजे पाच फूट सहा इंच. नकाशात रोज ५.५० लिहिणारी मी, हातात खरा रॉड आल्यावर सुताराच्या टेपसारखा वाचत होते.

त्याच्याकडून मी फुटाचीही गोष्ट ऐकली, आणि ती ऐकून माझा फुटावरचा विश्वास उडाला. अमेरिकेत फूट दोन होते. एक ०.३०४८ मीटरचा, आणि दुसरा मोजणीदारांचा, १२०० भागिले ३९३७ मीटर. फरक दहा लाखांत दोन, म्हणजे खोलीत, घरात, रस्त्यावर शून्यच. पण आमच्याकडे राज्याच्या कोऑर्डिनेट पद्धतीत पूर्वेचा आकडा साठ लाख फुटांच्या घरात असतो. तिथे चुकीचा फूट धरला तर जागा बारा फूट सरकते, अख्खी एक लेन. २०२२ संपताना हा मोजणीदारांचा फूट अधिकृतपणे निवृत्त केला, पण जुन्या फाइली निवृत्त होत नाहीत. तो म्हणाला, फाइल उघडलीस की आधी विचार, कुठला फूट.

दुपारी ट्रकच्या सावलीत बसून जेवताना त्यानं मला इथल्या जमिनीची वाटणी समजावली. सहा मैल चौरसाची टाउनशिप, तिच्यात एक-एक मैलाचे छत्तीस सेक्शन. नंबर ईशान्य कोपऱ्यातून सुरू होतात, पश्चिमेकडे सहापर्यंत जातात, खाली उतरून सात, मग उलटे पूर्वेकडे. हे लक्षात ठेवायला त्याच्याकडे कसलीशी युक्ती होती, मला तिची गरजच पडली नाही. नांगर धरलेले बैल बांधाशी वळतात तसे. मी बोटानं धुळीत काढून दाखवलं, आणि त्याला ते फार आवडलं.

मग साखळी निघाली. जुनी मोजणीची साखळी ६६ फुटांची. अशा ऐंशी साखळ्या म्हणजे मैल, दहा चौरस साखळ्या म्हणजे एकर. ६६ ऐकलं आणि माझ्या डोक्यात काहीतरी खडखडलं. आपल्याकडे एकराचे चाळीस गुंठे. ४३,५६० भागिले ४०, १,०८९. आणि १,०८९ म्हणजे ३३ गुणिले ३३. गुंठा म्हणजे अर्ध्या साखळीचा चौकोन! लहानपणापासून 'दोन गुंठे', 'पाच गुंठे' ऐकत आले, आणि ३३ फूट हा आकडा कुठून आला असेल असं एकदाही मनात आलं नव्हतं. मी ते त्याला कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं. त्यानं ९९१-एमएस उलटा करून मागचा रोल नंबर पाहिला आणि विचारलं, हा जप्तीतला आहे का.

दुसऱ्यांदा सर्व्हेइंगला बसायच्या आधी मी दोन वह्या भरल्या, आणि त्यांत गणितं कमी, प्रश्न जास्त होते. हा आकडा कुणी मोजला? कशापासून? कधी? चूक असेल तर कुठे दिसेल? पृथ्वीच्या गोलाईची आणि किरणाच्या वाकण्याची दुरुस्ती कॉलेजात ०.०६७३ गुणिले किलोमीटरचा वर्ग अशी घोकली होती. इथे ०.०२०६ गुणिले हजार फुटांचा वर्ग. दोन्ही एकच आहेत हे स्वतः ताडून पाहिलं, मगच पुढे गेले. मंगळसूत्र घरीच ठेवलं. पास झाले.

कायद्याची प्रश्नपत्रिका घरी सोडवायची म्हणून मी ती हलक्यात घेणार होते, पण तोवर शहाणपण आलं होतं. आडवी वाटही धरली. परवान्याची ही सगळी भानगड पहिल्यांदा १९०७ मध्ये वायोमिंगनं सुरू केली. पाण्याच्या हक्कांसाठी वाटेल ते लोक इंजिनिअर म्हणून नकाशांवर सह्या ठोकत होते. कॅलिफोर्नियात नोंदणीचा कायदा १९२९ चा, सेंट फ्रान्सिस धरणानंतरचा. लॉस एंजेलिसच्या उत्तरेचं ते धरण १२ मार्च १९२८ ला मध्यरात्रीच्या जरा आधी फुटलं, चारशेहून जास्त माणसं गेली. त्याच सकाळी राखणदाराला नवी गळती दिसली होती. शहराच्या पाणी खात्याचा मुख्य इंजिनिअर विल्यम मुलहॉलंड स्वतः येऊन पाहून गेला आणि धोका नाही म्हणाला. ज्यानं शहराला पाणी आणलं त्या माणसाचा शब्द, तपासणार कोण? चौकशीत हेच निघालं की एवढं मोठं काम एकट्याच्या मतावर सोडू नये, मग तो कितीही मोठा असो. मी त्या रात्री बॉसच्या लाल पेन्सिलीबद्दल बराच वेळ विचार करत होते.

लायसन्स नंबर मिळाला. शिक्का मागवला, गोल, वर माझं नाव, मधे नंबर. मुलीनं त्याचा पहिला ठसा स्वतःच्या हातावर मारला आणि दोन दिवस धुतला नाही.

मागच्या मंगळवारी पहिलं काम सहीला आलं. लहानसं आहे, तीन इनलेट, एक मॅनहोल, दोनशे दहा फूट पाईप. गणितं माझी, तपासली बॉसनं, लाल पेन्सिलीनं दोन ठिकाणी. सगळं दुरुस्त झालं. पेन उघडलं, आणि पहिल्या पानावरच्या टिपेवर नजर गेली: उंची १९८८ च्या डेटमनुसार. मी पेन बंद केलं आणि मोजणीच्या प्रमुखाला फोन लावला.

"टिपेत लिहिलंय," तो म्हणाला. मागे वाऱ्याचा आणि ट्रकचा आवाज येत होता.

"वाचलंय," मी म्हटलं. "शहराच्या मॅनहोलचा इन्व्हर्ट तुम्ही स्वतः मोजलात की नकाशावरून घेतला?"

तो जरा थांबला. "थांब, वही बघतो."

मी थांबले.